संगणक बोलतो, मराठी मजकूर अडतो

‘मराठी’ हा शब्द कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला, की पडद्यावर तो अगदी व्यवस्थित दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र तिथे ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात, कारण या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले आहेत. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे कळायचं कारण नाही. संगणकावरचा मजकूर जो कानांनी वाचतो, त्याला मात्र कविता असो, पाठ्यपुस्तक असो की नोकरीची जाहिरात, इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग ऐकू येते. दृष्टिहीनांपर्यंत संगणक पोचवण्याचं जे काम गेल्या काही दशकांत झालं, त्याचा मराठीच्या बाजूने आढावा घ्यायचा तर सुरुवात या अडचणीपासून करावी लागते. यंत्र बोलायला लागून तीसहून अधिक वर्षं झाली. ते घडवून आणणाऱ्यांत दृष्टिहीन प्रोग्रामर आणि पदरमोड करून राबणारे स्वयंसेवक मोठ्या संख्येने होते. त्यांची बरीचशी मेहनत आज आपण डोळस माणसांनी सदोष बनवलेला मजकूर दुरुस्त करण्यात खर्ची पडते आहे, आणि ती वाचवणं आपल्याच हातात आहे, असं माझं म्हणणं आहे.

२०११च्या जनगणनेत देशभरात पाहण्याची अक्षमता असलेल्या सुमारे ५० लाख ३२ हजार व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे ५ लाख ७४ हजार महाराष्ट्रातल्या. यात पूर्ण अंध आणि अल्पदृष्टी असलेले, असे दोन्ही येतात. अल्पदृष्टी असलेल्यांना बोलणाऱ्या संगणकाची गरज असतेच असं नाही. काहींना अक्षर मोठं करून मिळालं की पुरतं, काहींना काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर लागतं. संगणकात आणि फोनमध्ये या सोयी आता मुळातच असतात, पण त्या आहेत हे सांगणारं कोणी भेटत नाही म्हणून कितीतरी मुलं डोळे पडद्याला टेकवून वाचत राहतात. स्वयंसेवी संस्थांच्या कामाचा हा सर्वांत सोपा भाग आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

पूर्ण अंध व्यक्तीचा आधार म्हणजे स्क्रीन रीडर. तो पडद्याकडे पाहत नाही. संगणकाच्या प्रणालीकडून तो मजकूर मागून घेतो आणि बोलणाऱ्या आवाजाकडे किंवा ब्रेलच्या पट्टीकडे सोपवतो. त्यामुळे जे मजकूर म्हणून साठवलेलं आहे तेवढंच त्याला वाचता येतं. बटणाला नाव दिलेलं नसेल तर तो नुसतं ‘बटण’ म्हणतो, आणि चित्राला वर्णन नसेल तर ‘ग्राफिक’ म्हणून पुढे जातो.

ही साधनं बनवली कोणी? टेड हेंटर हे अमेरिकी अभियंते आणि मोटरसायकल शर्यतपटू. १९७८ साली मोटारीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे त्यांच्या कंपनीने १९८९मध्ये डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला आणि १९९५मध्ये त्याची विंडोजवर चालणारी आवृत्ती आली. जॉजने जगभरच्या दृष्टिहीनांना कार्यालयांची दारं उघडून दिली, यात शंका नाही. पण त्याची किंमत हजार डॉलरच्या आसपास होती. ज्या घरात संगणकच मुश्किलीने येतो तिथे संगणकाहून महाग सॉफ्टवेअर कोण घेणार? मग फुकट मिळणाऱ्या चाचणी आवृत्तीवर भागवायचं. ती चाळीस मिनिटं चालायची, आणि वेळ संपली की संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. निबंध लिहिताना, हिशेब मांडताना, परीक्षेचा सराव करताना दर चाळीस मिनिटांनी हे करावं लागणाऱ्या माणसाच्या चिकाटीचा आपण विचार करावा.

२००६मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेला त्याचा मित्र जेम्स तेह, तोही दृष्टिहीन, लवकरच त्याला येऊन मिळाला. डोळस माणसाला संगणकाचा पडदा पाहण्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, मग अंध व्यक्तीने का द्यावेत, हा त्या कामामागचा विचार होता. २००७मध्ये त्यांनी एनव्ही अ‍ॅक्सेस ही ना-नफा संस्था स्थापन केली. मोझिला फाउंडेशनसारख्यांनी सुरुवातीला मदत केली, बाकीचा भार देणग्यांवर चालला. एनव्हीडीए कोणालाही मोफत मिळतो, त्याचा कोड खुला आहे, आणि पन्नासहून अधिक भाषांत त्याचं रूपांतर स्वयंसेवकांनी केलेलं आहे. जॉज परवडत नाही म्हणून संगणकापासून दूर राहिलेला विद्यार्थी त्यामुळे संगणकाशी बसू शकला. गरीब देशांतल्या दृष्टिहीनांच्या दृष्टीने या दोन मित्रांच्या कामाएवढं मोठं काम माझ्या माहितीत दुसरं नाही.

एनव्हीडीएला बोलण्यासाठी आवाज लागतो. तो ‘ईस्पीक’ने दिला. जोनाथन डडिंग्टन यांनी हौसेने सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर अगदी थोड्या जागेत कितीतरी भाषा बोलतं, आणि त्यांत मराठीही आहे. आवाज यांत्रिक आहे आणि नवख्याला तो टोचतो. पण सरावलेला दृष्टिहीन वाचक तोच आवाज इतक्या वेगाने ऐकतो, की शेजारी बसलेल्या डोळस माणसाला एकही शब्द उमगू नये. गोड मानवी आवाज त्या वेगाला अस्पष्ट होतात, ईस्पीक स्पष्ट राहतो. कोणता आवाज चांगला, हे वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नये ते यासाठी.

या इतिहासात पुण्याचंही एक नाव आहे. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. वाडिया महाविद्यालयात गणित आणि मग मुंबई आयआयटीत संगणकशास्त्र, असं त्यांचं शिक्षण झालं. पुस्तकं दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवायची, हीच तेव्हाची रीत होती. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी पीएच.डी.साठी जे केलं ते गणितातली समीकरणं ऐकून समजून घेण्याविषयीचं होतं. ‘अ‍ॅस्टर’ हे त्यांचं सॉफ्टवेअर गणिती मजकूर वाचताना आवाजाच्या चढउतारांतून समीकरणाची रचना कळवत असे. या प्रबंधाला एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा १९९४ सालचा प्रबंध पुरस्कार मिळाला. १९९५मध्ये त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ हे बोलणारं सॉफ्टवेअर मोफत खुलं केलं. पुढे गूगलमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केलं, त्यातून २००९मध्ये अँड्रॉइड फोनवर ‘टॉकबॅक’ आलं. आज सोलापूर-नांदेडच्या बसमध्ये एखादा अंध तरुण स्वस्तातल्या फोनवर बोट फिरवत निरोप ऐकत असतो, तेव्हा पुण्याच्या या विद्यार्थ्याचं काम त्याच्या हाताशी असतं. मराठी पाठ्यपुस्तकांत रामन यांच्यावर एक धडा असायला हवा.

स्वयंसेवी आणि खुल्या कामाची एक दुबळी बाजूही आहे, ती लपवून उपयोग नाही. लिनक्स या खुल्या प्रणालीसाठीचा ‘ऑर्का’ हा स्क्रीन रीडर सन मायक्रोसिस्टिम्सच्या पाठबळावर वाढला. २०१०मध्ये ती कंपनी ओरॅकलने विकत घेतली आणि या कामावरची पगारी माणसं कमी झाली. ऑर्का तगला तो प्रामुख्याने जोनमेरी डिग्ज या एका बाईंच्या निष्ठेवर. जगभरचे हजारो लोक एका व्यक्तीच्या तब्येतीवर आणि उमेदीवर अवलंबून असावेत, ही स्थिती सुरक्षित म्हणता येणार नाही. मराठीत तर अशी माणसं मोजकीच आहेत.

महाराष्ट्रात या कामाला पूर्वपीठिका आहे. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था, जिला सगळे ‘नॅब’ म्हणतात, १९५२मध्ये मुंबईत स्थापन झाली. ब्रेल छपाई आणि ध्वनिमुद्रित पुस्तकं हे तिचं जुनं काम, संगणक प्रशिक्षण त्याला नंतर जोडलं गेलं. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. संगणकावर मजकूर तयार होतो आणि ब्रेल छापणाऱ्या यंत्रातून ठिपके उमटतात, म्हणूनच असं नियतकालिक वेळेवर निघू शकतं. संगणक आला म्हणून ब्रेलची गरज संपली, असं मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. जो नुसतं ऐकतो त्याला शब्द कळतो, त्याचं शुद्धलेखन कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, विरामचिन्हं बोटांखालून गेल्याशिवाय पक्की होत नाहीत.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३मध्ये सुरू झालेलं झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड हे केंद्र या विषयातलं सर्वांत अभ्यासण्यासारखं उदाहरण आहे. स्वतः दृष्टिहीन असलेले समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. सॅम तारापोरवाला यांनी ते उभं केलं. पुस्तकं स्कॅन करून देणं आणि स्क्रीन रीडर शिकवणं एवढ्यावर हे केंद्र थांबलं नाही. मूळ व्यवस्थाच बदलायला लावायची, हा त्याचा आग्रह राहिला. बँकांनी अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर नाकारू नये, असं परिपत्रक रिझर्व्ह बँकेने जून २००८मध्ये काढलं. २०१२मध्ये युनियन बँकेने अहमदाबादला बोलणारं एटीएम बसवलं, त्यामागे या केंद्राचं साहाय्य होतं. हेडफोन लावायचा, पडदा काळा करायचा आणि कोणालाही पिन न सांगता आपले पैसे आपण काढायचे. मराठी मध्यमवर्गाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय ज्याला कळत नव्हतं, त्याच्यासाठी ती प्रतिष्ठेची आहे.

याच महाविद्यालयातून उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी पदवी घेतली. बालपणी दृष्टी गेली, दादरच्या कमला मेहता अंधशाळेत ब्रेलमधून शिक्षण झालं, आणि पुढच्या अभ्यासात स्क्रीन रीडर सोबतीला होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पहिल्या वेळी त्या यशस्वी झाल्या, तेव्हा अंधत्वाचं कारण देऊन त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत घेतलं गेलं नाही. पुढच्याच परीक्षेत त्या देशात १२४व्या आल्या आणि प्रशासकीय सेवेत गेल्या. त्यांच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्यांना वाचायला मिळालेल्या मजकुराबद्दल फारसं लिहिलं गेलं नाही. जिद्द असूनही हाती वाचता येईल अशी फाइल न आल्यामुळे थांबलेल्या मुलामुलींची आपण दखलच घेत नाही.

प्रशिक्षण प्रत्यक्षात कसं चालतं हे पाहण्यासारखं आहे. माउस बाजूला ठेवला जातो. एफ आणि जे या दोन कळांवरचे उंचवटे चाचपून बोटं बसवायची. टॅबने पुढे जायचं, बाणांनी ओळ ओळ वाचायची, वेबपानावर एच दाबला की पुढच्या मथळ्यावर उडी. पण पान बनवणाऱ्याने मथळा म्हणून मथळा नोंदवला असेल तरच. नुसतं अक्षर ठळक केलं असेल तर ती उडी बसत नाही. मराठी टायपिंगसाठी अनुभवी शिक्षक इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिकवायला सुचवतात, आणि त्याला चांगलं कारण आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं; ‘क’ची कळ शिफ्टबरोबर दाबली की ‘ख’, ‘ग’ची दाबली की ‘घ’. ही मांडणी वर्णमालेच्या तर्काने केलेली असल्याने ती न पाहता लक्षात राहते. शिकवणारा स्वतः दृष्टिहीन असेल तर फार फरक पडतो. डोळस शिक्षक नकळत “इथे, वर उजवीकडे” असं बोलून जातो, दृष्टिहीन शिक्षक कळांच्या भाषेत बोलतो. शिवाय समोरचा माणूस हे रोज करतो आहे, ही खात्री विद्यार्थ्याला कोणत्याही भाषणाने येणार नाही. एनव्हीडीएच्या २०२५च्या आवृत्तीत दुसऱ्याचा संगणक दुरून चालवण्याची सोय मुळातच आली आहे. गडचिरोलीतल्या मुलीचा संगणक अडला तर पुण्यातला दृष्टिहीन स्वयंसेवक घरबसल्या तो सोडवू शकतो. ज्या संस्थांची प्रशिक्षण केंद्रं दोन-तीन शहरांतच आहेत, त्यांनी ही सोय मनापासून वापरावी.

आता पुस्तकांकडे येऊ, कारण स्वयंसेवकांचे सर्वाधिक तास तिथे जातात. २०१२च्या दुरुस्तीनंतर भारताचा कॉपीराइट कायदा या बाबतीत उदार आहे. दृष्टिहीन व्यक्तीला आणि तिच्यासाठी ना-नफा काम करणाऱ्या संस्थेला प्रकाशकाची परवानगी न घेता पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करता येते. देशोदेशींमध्ये अशा प्रतींची देवाणघेवाण व्हावी म्हणून २०१३मध्ये मराकेश इथे करार झाला, आणि तो सर्वांत आधी मान्य करणारा देश भारत होता. तेव्हापर्यंत एकेक संस्था आपापल्या परीने पुस्तकं स्कॅन करत होती आणि तेच पुस्तक मुंबईत, दिल्लीत, चेन्नईत वेगवेगळं तयार होत होतं. डेझी फोरम ऑफ इंडियाने या संस्थांना एकत्र आणलं, आणि २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे सामायिक ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं.

व्यवस्था झाली, पण त्यात पुस्तक घालायचं कसं? पुस्तकाची बांधणी उसवायची, पान पान स्कॅन करायचं, मग ओसीआर सॉफ्टवेअरकडून चित्राचा मजकूर करून घ्यायचा. देवनागरीचं ओसीआर गेल्या दहा वर्षांत खूप सुधारलं. तरी जुन्या छपाईत ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भ’चा ‘म’ होतो, अनुस्वार गळतात, तळटीप परिच्छेदाच्या मध्ये घुसते. म्हणून कोणीतरी मूळ पान समोर ठेवून ओळ न ओळ तपासतं. निवृत्त शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेले कर्मचारी, गृहिणी, महाविद्यालयातली मुलं हे काम करतात. एका कादंबरीमागे त्यांच्या कित्येक संध्याकाळी जातात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हे सांगितलं पाहिजे: यांतल्या कितीतरी पुस्तकांची संगणकावर जुळवलेली फाइल प्रकाशकाकडे होती. अलीकडचं प्रत्येक मराठी पुस्तक संगणकावरच जुळवलं जातं. म्हणजे आधी मजकूर संगणकात होता, मग तो कागदावर गेला, आणि तो पुन्हा संगणकात आणण्यासाठी स्वयंसेवक डोळे शिणवतात. प्रकाशकाने तीच फाइल दिली असती तर? तिथे पुन्हा जुना फॉन्ट आडवा येतो.

हा फॉन्टांचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. नव्वदच्या दशकात मराठी छपाईची गरज मोठी होती आणि संगणकाच्या प्रणालीत देवनागरीची सोय नव्हती. वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापले फॉन्ट काढले, प्रत्येकाची अक्षरांची वाटणी निराळी. त्या काळी याला पर्याय नव्हता, आणि मराठी छपाईला त्यांनी दिलेला हात कोणी नाकारू नये. पण प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरी १९९१पासून आहे आणि विंडोजमध्ये ती २०००पासून चालते. राज्य शासनानेही कामकाजात युनिकोड वापरण्याचे आदेश काढलेले आहेत. तरी डीटीपीच्या दुकानांत आणि छापखान्यांत जुने फॉन्ट चालूच राहिले, कारण तयार साचे, हाताची सवय आणि अक्षरांचं वळण त्यांना सोडवेना.

जुन्या फॉन्टांत आणखी एक गुंता आहे. ते अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवतात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’, ‘अर्थ’ लिहिताना आधी ‘थ’ आणि मग रफार. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतो: आधी ‘क’, मग इकार. भारती ब्रेल १९५१मध्ये ठरली, तिच्यातही ‘क’ आधी आणि इकार नंतरच येतो. म्हणजे मराठी अक्षरं बोलण्याच्या क्रमाने मांडण्याची पद्धत दृष्टिहीन वाचकांकडे युनिकोडच्या चाळीस वर्षं आधीपासून होती. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं स्वयंसेवकांनी लिहिली आहेत, पण त्यांना हा क्रम उलटवावा लागतो, प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा तक्ता करावा लागतो, आणि मध्येच आलेला इंग्रजी शब्द किंवा आकडा असला की तोही बिघडतो. मग पुन्हा मुद्रितशोधन.

आवाजाचंही असंच. कितीतरी वर्षं दृष्टिहीनांनी मराठी मजकूर हिंदी आवाजात ऐकला, कारण चांगला मराठी आवाज नव्हता. मराठीत ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च निराळे, ‘जन्म’ आणि ‘जवळ’मधले ज निराळे, आणि लिपीत हा फरक दाखवलेला नसतो. हिंदी आवाज सगळे एकाच सुरात वाचतो. अर्थ कळतो, पण आपल्या भाषेत वाचल्यासारखं वाटत नाही. आता अँड्रॉइडमध्ये मराठी आवाज आहे. आयफोनमध्येही २०२२मध्ये तो आला. तरी कुठला च कसा म्हणायचा, याची चांगली शब्दसूची हे व्याकरणाच्या अभ्यासकांनी मनावर घ्यावं असं काम आहे.

फोनमुळे चित्र बदललं. टॉकबॅक असलेला साधा फोन हाती आला आणि निरोप, बातम्या, पैसे पाठवणं हे सारं संगणकाशिवाय जमू लागलं. पुढचं पाऊल कृत्रिम बुद्धिमत्तेचं. फोटो दाखवला की फोन त्याचं वर्णन करतो, औषधाच्या पट्टीवरचं नाव वाचतो. चुका होतात, आणि औषधाच्या बाबतीत चूक परवडत नाही, पण सोय मोठी आहे. मला काळजी वेगळी वाटते. फोनवर सगळं भागतं म्हणून मुलं कळफलक शिकायचा कंटाळा करू लागली आहेत. फोनवर निरोप लिहिता येतो, पण पंधरा पानी अहवाल, तक्ता, कोड, तळटिपांसह प्रबंध लिहायला संगणकच लागतो. नोकरी मिळते ती बहुधा संगणकावरच्या या कौशल्यावर.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. त्याखालच्या २०१७च्या नियमांत संकेतस्थळं आणि दस्तऐवज सुगम असावेत असं म्हटलं होतं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्तीची भाषा करतो आणि नियम शिफारशींवर थांबतात, हे चालणार नाही, असं त्यातून स्पष्ट झालं. ३० एप्रिल २०२५ रोजी आलेला निकाल आणखी जवळचा आहे. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तींच्या वतीने प्रज्ञा प्रसून यांनी आणि स्वतः दृष्टिहीन असलेले वकील अमर जैन यांनी याचिका केल्या होत्या. बँकेची ओळखपडताळणी करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा, चेहरा चौकटीत आणा, असं अ‍ॅप सांगतं, आणि ज्याला ते जमत नाही त्याचं खातं उघडत नाही. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले.

निर्देश कागदावर असतात आणि गावच्या कार्यालयात कागद वेगळ्याच वाटेने जातो. पत्र संगणकावर युनिकोडमध्ये टाइप होतं. मग ते छापलं जातं, साहेबांची सही होते, शिक्का बसतो, आणि स्कॅन करून त्याची पीडीएफ चढवली जाते. सही होण्याआधी हेच पत्र स्क्रीन रीडरला पूर्ण वाचता येत होतं, सही झाल्यावर त्याचं चित्र झालं. सोबत मूळ फाइलही ठेवली, तर यातलं निम्मं दुखणं बिनखर्चाने संपेल. परीक्षांचंही तसंच. केंद्र सरकारच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनीच दृष्टिहीन परीक्षार्थीला संगणकावर उत्तरं लिहिण्याचा पर्याय देऊ केला होता. तरी शाळा-महाविद्यालयं लेखनिकावर थांबतात. लेखनिक वेळेवर मिळेल का, त्याला शुद्धलेखन येतं का, तो ऐनवेळी आजारी पडला तर काय, या चिंतेत मुलांची परीक्षेआधीची रात्र जाते. ज्या मुलाला स्वतः टाइप करता येतं त्याने उत्तर दुसऱ्याच्या हाताने का लिहावं?

स्वयंसेवी संस्थांना काही गोष्टी स्पष्टपणे सांगायला हव्यात. दान म्हणून मिळालेले जुने संगणक खोलीत मांडून उद्घाटन होतं, आणि शिकवणारा नसल्याने सहा महिन्यांत त्यांवर धूळ साचते. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी यंत्रवाटपाला मिळतो, कारण त्याचा फोटो निघतो. सॉफ्टवेअरचं मराठीकरण, दुरुस्ती, शिक्षकाचा पगार यांना तो सहसा मिळत नाही. उपक्रमाचा निर्णय घेणाऱ्या समितीत दृष्टिहीन व्यक्ती नसते आणि लाभार्थ्यांच्या रांगेत मात्र असते. मुलींना वसतिगृहाबाहेरच्या वर्गाला पाठवायला घरचे तयार होत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी वेळ, वेगळी जागा आणि शक्य तर शिक्षिका लागते. हे ओळखून काम करणारे फार थोडे.

आणि ज्या कामाला स्वयंसेवकांचे हात खरोखर हवेत, ते त्यांची वाट पाहत पडलं आहे. सर्वांत मोठं गणिताचं. आपल्याकडे दृष्टिहीन मुलाला गणिताऐवजी सोपा पर्याय घेण्याची सवलत दिली जाते. ती दयेपोटी असते, पण तिच्याबरोबर विज्ञान, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र यांच्या वाटा बंद होतात. समीकरण चित्र म्हणून न देता मजकूर म्हणून दिलं तर स्क्रीन रीडर ते वाचू शकतो. नील सॉयफर यांचं ‘मॅथकॅट’ हे खुलं सॉफ्टवेअर एनव्हीडीएबरोबर हेच काम करतं. त्यात प्रत्येक भाषेसाठी उच्चाराचे नियम साध्या फाइलींत लिहावे लागतात, आणि मराठीत ते नीट लिहिणं म्हणजे नुसतं शब्दांचं भाषांतर नाही. ‘तीन छेद चार’ म्हणायचं की ‘तीन चतुर्थांश’? ‘वर्गमुळात अ अधिक ब’ असं ऐकू आलं, तर ब मुळाच्या आत आहे की बाहेर? वर्गात शिक्षक फळ्यावर बोट ठेवून हे दाखवतात. कानांसाठी ‘मूळ सुरू’, ‘मूळ समाप्त’ असं काही ठरवावं लागेल, आणि लांब समीकरणात ते कंटाळवाणं होणार नाही याचीही काळजी घ्यावी लागेल. यासाठी बालभारतीची पुस्तकं शिकवणारे तीन-चार गणिताचे शिक्षक, गणित घेऊन पुढे गेलेला एखादा दृष्टिहीन विद्यार्थी आणि खुल्या सॉफ्टवेअरवर काम केलेला एक प्रोग्रामर एकत्र बसायला हवेत. आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांतली समीकरणं घेऊन बसले, तर एका शैक्षणिक वर्षात कामाचा पहिला मसुदा हाती येईल.